उलटी वायर आणि दोन काळे डबे

तर मंडळी, झालं असं की गेल्या दिवाळीत मामाने माळ्यावरून एक खोकं काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन मोठे गोल स्पीकर, दोन अगदी छोटे स्पीकर आणि साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठे असे दोन काळे प्लॅस्टिकचे डबे. डब्यांतून चारी बाजूंनी वायरी बाहेर आलेल्या.

मामा ऐंशीच्या दशकात मस्कतला नोकरीला होता. १९८८ साली परत येताना लोक टीव्ही आणायचे, व्हीसीआर आणायचे. आमच्या मामाने गाडीचे स्पीकर आणले. तेव्हा त्याच्याकडे गाडी नव्हती. (मामीने हे वाक्य गेल्या पस्तीस-छत्तीस वर्षांत किती वेळा ऐकवलंय याची मोजदाद नाही.) मग वर्षभराने प्रीमियर पद्मिनी आली आणि हे स्पीकर तिच्यात बसले. २००४ साली पद्मिनी विकली, पण विकण्याच्या आदल्या दिवशी मामाने स्वतः स्क्रू-ड्रायव्हर घेऊन स्पीकर काढून ठेवले.

"तुझ्या गाडीत लाव," मामा म्हणाला. "पण नीट लाव."

त्या 'नीट'मध्ये माझे चार वीकेंड गेले. मध्ये मी एक घोडचूक केली, मामाला एक वाक्य बोललो जे बोलायला नको होतं, आणि त्या निमित्ताने शंभरेक वर्षांचा इतिहास वाचून काढला. आजचा लेख त्याबद्दल.

आधी गाडीच्या अॅक्सेसरीजच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलाने खोक्यात डोकावून पाहिलं आणि निकाल दिला. "सर, हे डबे काढून टाका. आता कोण लावतं? ट्वीटरला एक कपॅसिटर मारतो, वूफर डायरेक्ट देतो. अर्ध्या तासात गाडी घेऊन जा." खरं सांगतो, मी जवळजवळ हो म्हटलं होतं. पण 'नीट लाव' आठवलं आणि खोकं घेऊन घरी आलो.

घरी एक डबा उघडला. आत एक छोटा बोर्ड, त्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी म्हणजे कॉइल, दोन कपॅसिटर आणि एक रेझिस्टर. बस्स. याला क्रॉसओव्हर म्हणतात. गाडीच्या टेपमधून येणारा आवाज या डब्यात शिरतो, खालचे सूर मोठ्या स्पीकरकडे म्हणजे वूफरकडे जातात आणि वरचे सूर छोट्याकडे, म्हणजे ट्वीटरकडे. मल्टिमीटर लावला तर ६.८ मायक्रोफॅराड असं छापलेला कपॅसिटर ४ दाखवत होता. इलेक्ट्रोलायटिक जातीचे कपॅसिटर वर्षानुवर्षं पडून राहिले की आतून सुकतात, त्यात नवल नाही. शनिवारी तपकीर गल्लीत जाऊन त्याच मापाचे नवे कपॅसिटर आणले. (बुधवार पेठेतली ही गल्ली म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची पंढरी. मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोड समजावा.)

सोल्डरिंग करताना एक गोष्ट दिसली. बोर्डवर आत येणारी प्लसची लाइन शेवटी ट्वीटरच्या मायनसला जात होती. म्हणजे ट्वीटर उलटा जोडलेला! वूफर सरळ, ट्वीटर उलटा. म्हटलं, कारखान्यात कोणीतरी झोपेत केलेलं दिसतंय. दुसरा डबा उघडला तर त्यातही तसंच. दोन्ही डब्यांत एकच 'चूक' म्हणजे ती चूक नसावी, एवढं साधं गणित मला त्या क्षणी सुचायला हवं होतं. नाही सुचलं. कोडमध्ये बग दिसल्यावर हात शिवशिवतात तसं झालं. दोन्हीकडच्या वायरी 'सरळ' केल्या, स्पीकर गाडीत बसवले आणि मामाला बोलावलं.

मामाच्याच कॅसेटवरून उतरवून घेतलेलं माणिक वर्मांचं गाणं लावलं. मामाने डोळे मिटून दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "आवाज आहे रे. पण माणिकबाई मागच्या सीटवर जाऊन बसल्यात."

मी म्हटलं, "मामा, आता पूर्वीसारखं ऐकू यायचं नाही. वयोमानाने वरचे सूर कमी ऐकू येतात."

मामा काही बोलला नाही. चहा घेऊन घरी गेला.

वयोमानाने वरचे सूर कमी ऐकू येतात हे खरंच आहे. पण रात्री मी एकटाच गाडीत जाऊन बसलो, तेच गाणं पुन्हा लावलं आणि मलाही तेच जाणवलं. तंबोरा होता, तबला होता, गळाही होता, पण 'स', 'श', 'त' ही अक्षरं कोणीतरी रुमालाने पुसल्यासारखी वाटत होती. माझं वय चौतीस. म्हणजे प्रश्न मामाच्या कानांचा नव्हता. मग शोधायला बसलो: ही वायर उलटी का होती?

मुळात आवाज वाटून द्यायचा कशाला? माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येतं. हवेत २० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १७ मीटर असते आणि २०,००० हर्ट्झची पावणेदोन सेंटिमीटरसुद्धा नाही. एकाच पडद्याने हे दोन्ही काढायचं म्हणजे कठीण काम. खालच्या सुरांसाठी पडदा मोठा हवा, भरपूर हवा ढकलणारा. वरच्यांसाठी तो छोटा आणि हलका हवा, सेकंदाला हजारो वेळा पुढेमागे होणारा. तबलजी एकावर न भागवता डग्गा आणि तबला अशी दोन वाद्यं का घेऊन बसतो, तसंच काहीसं. फक्त तबलजीला कुठला बोल कुठल्या हाताने काढायचा हे ठाऊक असतं. स्पीकरला ते कोणीतरी सांगावं लागतं, आणि ते सांगतो तो काळा डबा.

गंमत म्हणजे या डब्याचं मूळ संगीतात नाही, टेलिफोनमध्ये आहे. एकाच तारेवरून अनेक संभाषणं पाठवायची तर प्रत्येकाला वेगळा फ्रिक्वेन्सी-पट्टा द्यावा लागतो आणि दुसऱ्या टोकाला ते पट्टे वेगळे काढावे लागतात. अमेरिकेत एटी अँड टीमधल्या जॉर्ज कॅम्पबेलने कॉइल आणि कपॅसिटर वापरून असे फिल्टर बनवले, त्याचं पेटंट १९१७ चं. त्याच सुमारास जर्मनीत कार्ल विली वॅग्नरही स्वतंत्रपणे तिथेच पोहोचला होता. १९२३ साली ऑटो झोबेलने फिल्टरचं गणित आणखी सविस्तर मांडलं. आजही वूफरला जोडलेल्या एका कपॅसिटर-रेझिस्टरच्या जोडीला 'झोबेल' म्हणतात. म्हणजे गाडीच्या दारात दडलेल्या डब्यात टेलिफोन कंपनीचं गणित बसलेलं असतं.

स्पीकरचं म्हणाल, तर आज जो आपण सगळीकडे पाहतो, कागदी कोन आणि त्यामागे चुंबकात हलणारी कॉइल, तो चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकमधल्या दोघांनी १९२५ साली मांडला. दोनच वर्षांनी, १९२७ मध्ये 'द जॅझ सिंगर' आला आणि सिनेमा बोलायला लागला. आता हजार-दोन हजार लोकांच्या थिएटरमध्ये शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायचा होता. एकट्या स्पीकरचं ते काम नव्हतं.

२७ एप्रिल १९३३ ची एक घटना मला फार आवडली. फिलाडेल्फियातल्या सभागृहात ऑर्केस्ट्रा वाजत होता आणि श्रोते बसले होते वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये! तीन मायक्रोफोन, तीन टेलिफोन लाइन, आणि या टोकाला तीन स्पीकर-संच. ऑर्केस्ट्राचा मुख्य संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की स्वतः वॉशिंग्टनमध्ये नॉब फिरवत बसला होता. वादकांसमोर त्याचा सहायक उभा होता. हा प्रयोग बेल लॅब्जचा, हार्वी फ्लेचरच्या नेतृत्वाखालचा. त्यातल्या प्रत्येक स्पीकर-संचाचे दोन भाग होते, ३०० हर्ट्झच्या खालचा आणि वरचा. टेलिफोनचा फिल्टर संगीताच्या कामाला लागला होता.

पण आवाज वाटून दिला की एक नवीन प्रश्न उभा राहतो: वाटलेला आवाज श्रोत्याच्या कानात पुन्हा एक कसा व्हायचा? हा प्रश्न हॉलिवूडमध्ये फार मजेशीर पद्धतीने समोर आला. त्या काळातले खालच्या सुरांचे कर्णे प्रचंड लांब असायचे. जागा वाचावी म्हणून ते वळवलेले असत, त्यामुळे आवाज आतून काही फूट जास्त प्रवास करून बाहेर पडे. वरच्या सुरांचा कर्णा मात्र आखूड. एमजीएम स्टुडिओतला इंजिनिअर जॉन हिलियार्ड याच्या संदर्भात एलिनॉर पॉवेल या नर्तिकेच्या टॅप-डान्सची गोष्ट नेहमी सांगितली जाते: बुटाचा आवाज एकदा व्हायचा आणि थिएटरमध्ये तो दोनदा ऐकू यायचा, आधी 'टक्', मग लगेच 'ठक्'. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. अडीच मीटरचा फरक पडला की सात मिलिसेकंदांचा उशीर झाला. एवढ्याशा उशिराने पायाचे दोन पाय होतात!

एमजीएमच्या ध्वनी-विभागाचा प्रमुख डग्लस शिअरर, हिलियार्ड, आणि त्यांच्यासोबत जेम्स लान्सिंग (पुढे १९४६ मध्ये ज्याने जेबीएल काढली तोच) यांनी मिळून दोन्ही कर्ण्यांतलं अंतर जुळवून घेतलेला संच बनवला. तो 'शिअरर हॉर्न' म्हणून ओळखला जातो. या कामासाठी शिअरर आणि त्याच्या विभागाला १९३६ सालच्या कामगिरीबद्दल ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. स्पीकर बनवल्याबद्दल ऑस्कर, आहे की नाही मजा?

आता गाडीकडे येऊ. गाडीत रेडिओ बसवायची कल्पना त्याच काळातली. १९३० साली शिकागोच्या गॅल्विन कंपनीने 'मोटोरोला' नावाने गाडीचा रेडिओ विकायला काढला. युरोपात १९३२ मध्ये ब्लाउपुंक्टचा आला. पुढची कित्येक वर्षं गाडीत आवाज म्हणजे डॅशबोर्डमधला एकच स्पीकर आणि त्यातून बातम्या. क्रॉसओव्हरचा प्रश्नच नव्हता. मग १९६३ साली फिलिप्सने कॅसेट आणली, १९६५ मध्ये फोर्डने १९६६ च्या मॉडेलांसाठी एट-ट्रॅक टेप दिला, आणि गाडीत स्टिरिओ आला. आता लोकांना गाडीतही घरासारखं ऐकायचं होतं.

१९७० च्या दशकात याचं पहिलं उत्तर आलं ते कोअॅक्सियल स्पीकरचं. वूफरच्या पोटातच मधोमध छोटा ट्वीटर बसवायचा. जेन्सनसारख्या कंपन्यांनी हे प्रकार गाड्यांमध्ये लोकप्रिय केले. त्यात क्रॉसओव्हर म्हणजे काय, तर पाठीमागे चिकटवलेला एक कपॅसिटर. कपॅसिटर खालच्या सुरांना अडवतो आणि वरच्यांना जाऊ देतो. हिशेब सोपा आहे: ४ ओहमच्या ट्वीटरला १० मायक्रोफॅराड लावला की साधारण ४,००० हर्ट्झच्या खाली तो अडवायला सुरुवात करतो. तोच कपॅसिटर ८ ओहमच्या ट्वीटरला लावला तर मर्यादा २,०००वर येते, आणि बिचाऱ्या ट्वीटरवर नको तेवढा भार पडतो. (दुसरा ट्वीटर घेऊन जुन्या डब्याला जोडताना हे लक्षात ठेवा.)

म्हणजे दुकानातला तो मुलगा वेडा नव्हता. तो मला सत्तरच्या दशकातलं उत्तर देत होता. पण एका कपॅसिटरची अडवणूक फार सौम्य असते, दर सप्तकामागे ६ डेसिबल. ४,००० ला मर्यादा ठेवली तरी २,००० चे, १,००० चे सूर ट्वीटरपर्यंत थोडेफार पोहोचतातच, आणि आवाज वाढवला की त्याची केसासारखी बारीक कॉइल तापते. सोबत कॉइल जोडली तर उतार दुप्पट, १२ डेसिबल होतो. म्हणजे एक सप्तक खाली गेलं की ट्वीटरला सोळावा हिस्साच शक्ती मिळते. मामाच्या डब्यात दोन कॉइल आणि दोन कपॅसिटर होते, ते यासाठी.

ऐंशीच्या दशकात ज्यांना आणखी चांगलं ऐकायचं होतं त्यांच्यासाठी 'कॉम्पोनंट' सेट निघाले. वूफर दाराच्या खालच्या भागात, कारण तिथेच जागा असते. ट्वीटर वर, आरशापाशी किंवा डॅशबोर्डवर, कारण वरचे सूर सरळ रेषेत जातात आणि गुडघ्यांना ऐकवून उपयोग नसतो. :-) आणि एवढ्या कॉइली-कपॅसिटर स्पीकरच्या पाठीवर मावत नाहीत, म्हणून त्यांचा वेगळा डबा. हाच तो एक्स्टर्नल क्रॉसओव्हर.

पण वूफर आणि ट्वीटर वेगवेगळ्या जागी गेले, म्हणजे शिअररच्या थिएटरमधला प्रश्न छोट्या आकारात गाडीत आला. वाटलेला आवाज कानात एक कसा व्हायचा?

इथे मला माझा माणूस सापडला. सिगफ्रिड लिंकविट्झ, जन्माने जर्मन, कॅलिफोर्नियात ह्युलेट-पॅकार्डमध्ये इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर. दिवसा रेडिओ-फ्रिक्वेन्सी मोजण्याची यंत्रं बनवायची आणि उरलेल्या वेळात छंद म्हणून स्पीकर. (आपल्यापैकी ज्यांची नोकरी एक आणि जीव दुसरीकडे आहे, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.) १९७६ साली त्याने ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्याचा मुद्दा असा: क्रॉसओव्हरचं गणित करताना लोक दोन्ही स्पीकर जणू एकाच बिंदूवर आहेत असं धरून बेरीज करतात. प्रत्यक्षात ते शेजारी-शेजारी, वेगळ्या जागी असतात. मग ज्या फ्रिक्वेन्सीवर दोघंही एकाच वेळी बोलत असतात, तिथे ते एका तालात आहेत की नाहीत हे पाहायला नको का? या विचारातून निघालेले फिल्टर आज लिंकविट्झ-रायली म्हणून ओळखले जातात. रस रायली हा त्याचा तिथलाच सहकारी.

आणि आता उलटी वायर. १२ डेसिबल उताराच्या क्रॉसओव्हरमध्ये होतं काय, की कॉइल आणि कपॅसिटर मिळून सुरांना नुसते अडवत नाहीत, पुढे-मागेही करतात. जिथे वूफर संपतो आणि ट्वीटर सुरू होतो, नेमक्या त्या फ्रिक्वेन्सीवर दोघांमध्ये १८० अंशांचा फरक पडतो. वूफरचा पडदा पुढे येतो तेव्हा ट्वीटरचा मागे जातो. एकाने ढकललेली हवा दुसरा ओढून घेतो, आणि तिथे आवाजात खड्डा पडतो. उपाय? एकाची वायर उलटी करायची! उलट्याचं उलट म्हणजे सरळ. दोघे एकदम पुढे, एकदम मागे.

मामाच्या सेटमध्ये दोघांची गाठ पडत होती ४,००० हर्ट्झच्या आसपास. 'स', 'श', 'त' यांचा स्पष्टपणा बराचसा याच भागात असतो. मी वायर 'सरळ' केली आणि नेमकी तिथेच दरी पाडली. माणिकबाई मागच्या सीटवर गेल्या नव्हत्या, मीच त्यांना पाठवलं होतं.

सगळ्याच डब्यांत ट्वीटर उलटा असतो असं मात्र नाही. उतार किती, दोन स्पीकरमधलं अंतर किती, डिझायनरने कुठे बसून ऐकलं आणि मोजलं, यावर ते ठरतं. म्हणून नियम एकच: डब्यावर जे प्लस-मायनस छापलंय ते पाळायचं, आपली अक्कल चालवायची नाही. आणि तो डबा त्याच स्पीकरसाठी असतो, दुसऱ्या जोडीला लावून 'चालतंय की' म्हणायचं नाही.

रविवारी वायरी पुन्हा होत्या तशा केल्या. इथे लेख संपला असता, पण अजून एक वायर उरली होती.

प्रत्येक डब्याच्या मायनसमधून एक जास्तीची काळी वायर निघत होती, टोकाला स्क्रूची गोल चकती. पद्मिनीत ती गाडीच्या पत्र्याला स्क्रूने जोडलेली होती, हे मामाला पक्कं आठवत होतं. आता एकदा तोंड पोळल्यामुळे मी पुरता भाविक झालो होतो. जुन्या माणसांनी केलंय म्हणजे काहीतरी कारण असणारच! स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला होता. नशिबाने या वेळी आधी वाचलं.

कारण होतंच, पण ते आता उरलेलं नाही. जुन्या कार टेपमध्ये स्पीकरची एक बाजू सरळ गाडीच्या बॉडीला, म्हणजे अर्थला जोडलेली चालायची. एक वायर वाचायची आणि पत्रा परतीचा रस्ता व्हायचा. पण गाडीत मिळतात मुळात १२-१४ व्होल्ट. त्या पद्धतीत १४.४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला कागदावरच्या हिशेबाने फार तर साडेसहा वॉट मिळतात. म्हणून पुढे ब्रिज पद्धतीचे अॅम्प्लिफायर रुळले. त्यात स्पीकरच्या दोन्ही टोकांना एकेक अॅम्प्लिफायर असतो, एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. व्होल्टेज दुप्पट, म्हणून शक्ती चौपट: साडेसहाचे सव्वीस. आज बहुतेक गाड्यांमधल्या टेपला आतमध्ये हेच असतं. त्यात मायनस नावाची वायर खरी मायनस नसतेच. दोन्ही वायरींवर बॅटरीच्या निम्मं व्होल्टेज असतं. ती काळी चकती मी पत्र्याला लावली असती, तर अॅम्प्लिफायरचं एक टोक थेट शॉर्ट झालं असतं. नशीब चांगलं असेल तर संरक्षण-सर्किटने बंद पडला असता, नसेल तर जळला असता.

चकती कापली, टोकाला टेप गुंडाळली. प्रत्येक डब्याला टेपकडून स्वतंत्र दोन वायरी दिल्या, डावा-उजवा कुठेही एकत्र न करता.

आता बघा, एकाच डब्यातल्या दोन विचित्र वायरी. दोन्ही तितक्याच जुन्या, दोन्ही तितक्याच चुकीच्या दिसणाऱ्या. एक ठेवायचीच होती आणि दुसरी काढायचीच. नुसतं बघून हे कळायला मार्ग नव्हता. दुकानातल्या मुलाने दोन्ही फेकल्या असत्या. मी पहिल्या आठवड्यात ठेवायची ती बदलली आणि चौथ्या आठवड्यात काढायची ती जपायला निघालो होतो. 'जुनं ते सोनं' म्हणणारा आणि 'जुनं ते भंगार' म्हणणारा, दोघांचंही काम न वाचता भागतं. त्या त्या वायरीमागे कुठला प्रश्न होता आणि तो प्रश्न अजून शिल्लक आहे का, एवढंच विचारायचं होतं. स्पीकर दोन असतील आणि त्यांची गाठ १२ डेसिबलच्या उतारावर पडत असेल, तर उलट्या वायरीचा प्रश्न आजही तसाच आहे. पत्र्यातून परतीचा रस्ता काढायचा प्रश्न मात्र मिटला.

ऑफिसात आम्ही पंधरा वर्षं जुन्या कोडवर काम करतो. त्यात एखादी ओळ दिसते, कारण लिहिलेलं नसतं, लिहिणारा केव्हाच दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. नवा मुलगा ती उडवतो, जुना माणूस तिला हात लावू देत नाही, आणि दोघांपैकी कोणालाच ती तिथे का आहे ते माहीत नसतं. त्या मीटिंगमध्ये मी आजवर दोन्ही बाजूंनी भांडलोय.

तुम्ही म्हणाल, आता हे सगळं सॉफ्टवेअरमध्येच होतं की. बरोबर आहे. आज गाडीसाठी डीएसपी मिळतात, त्यात लिंकविट्झ-रायली फिल्टर यादीतून निवडता येतो, ट्वीटरला किती मिलिसेकंद उशीर द्यायचा ते आकड्याने भरता येतं. शिअररच्या लोकांनी अवजड कर्णे हलवून जे केलं ते मोबाईलवर बोटाने होतं. लिंकविट्झ २०१८ मध्ये गेला, पण त्याचं नाव त्या यादीत आहे. मी स्वतः सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला याचं कौतुकच आहे. फक्त पस्तीस वर्षांनी खोक्यातून काढल्यावर त्यातलं किती चालू होईल, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि उत्तर दिलं नाही.

शेवटच्या रविवारी मामाला पुन्हा बोलावलं. तेच गाणं लावलं. मामाने या वेळी डोळे मिटले नाहीत, काचेतून समोर बघत राहिला. अंतरा सुरू झाला तेव्हा म्हणाला, "आल्या पुढे."

मी म्हटलं, "मामा, कान तुझे ठीक आहेत. वायर मी उलटी केली होती. म्हणजे सरळ केली होती. म्हणजे..."

"कळलं," मामा म्हणाला. "आवाज वाढव थोडा."

मागे बसलेल्या मामीचं म्हणणं असं की तिला दोन्ही वेळा सारखंच ऐकू आलं.

डबे बंद करण्याआधी मी एक काम केलं. कागदाच्या दोन चिठ्ठ्या लिहिल्या, प्लॅस्टिकमध्ये घातल्या आणि दोन्ही झाकणांना आतून चिकटवल्या. मजकूर असा: 'ट्वीटरची वायर उलटी आहे. मुद्दाम आहे, सरळ करू नये. कपॅसिटर नवीन घातले, ६.८ मायक्रोफॅराड. पूर्वी मायनसला पत्र्याकडे जाणारी वायर होती, ब्रिज अॅम्प्लिफायरमुळे कापली, पुन्हा लावू नये.' खाली तारीख.

तुमच्या घरी माळ्यावर असे डबे असतील, तर फेकण्याआधी एकदा उघडून बघा. आणि काही बदललंत, तर का बदललं ते आत लिहून ठेवा.